खडे मीठ संयुग की मिश्रण? आठवीच्या प्रोजेक्टमुळे घरात वाद चाललाय

वेळागर_आई
नमस्कार मंडळी, मुलगी आठवीत आहे, घरातल्या वस्तूंची मूलद्रव्य, संयुग, मिश्रण अशी विभागणी करून आणायला सांगितलीय. आमच्याकडे शिरोड्याच्या मिठागरातलं खडे मीठ असतं, ते तिने मिश्रणात टाकलं कारण पाण्यात विरघळवलं की तळाला गाळ बसतो. पण गाईडात सरळ "मीठ - संयुग" छापलंय आणि वर्गातही तेच सांगितलं, आता ती खोडायला तयार नाही आणि खरं सांगायचं तर मलाही तिचंच पटतंय, फक्त कारण नीट सांगता येत नाहीये. शिवाय समईचं पितळ, तांब्याची कळशी, जांभ्याचा चिरा, सोलकढी आणि शिंपल्यांचा चुना यांचं काय लिहायचं? कोणीतरी समजावून सांगा प्लीज.

रसायन_रत्नागिरी
अजिबात खोडायला लावू नका ताई, पोरगी बरोबर आहे! पुस्तकातलं मीठ म्हणजे शुद्ध सोडियम क्लोराइड, त्यात 23 ग्रॅम सोडियमला 35.5 ग्रॅम क्लोरीन, मग ते समुद्रातून काढा नाहीतर खाणीतून, हे प्रमाण हलत नाही आणि गाळून, चाळून, उकळून ते दोन वेगळे होत नाहीत, म्हणून ते संयुग. शिवाय सोडियम पाण्यात टाकला तर पेटतो, क्लोरीन विषारी वायू, आणि दोघांचं मिळून झालेलं आपण आमटीत घालतो, म्हणजे घटकांचे गुण उरतच नाहीत.
आता खडे मीठ बघा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, त्यातलं सोडियम क्लोराइड 27 ग्रॅमच्या आसपास, बाकी मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे क्षार. त्यातलं थोडंफार मिठाच्या खड्यात येतं, वर माती. म्हणजे मिश्रणच. वस्तूचं नाव बघून उत्तर लिहायचं नाही, हातातल्या नमुन्यात काय काय आहे ते बघायचं. पाकिटातल्या मिठातसुद्धा आयोडीनसाठी पोटॅशियम आयोडेट मिसळलेलं असतं.

आगरातला_पेण
आमचं घराणं मिठागरात राबलेलं म्हणून लिहितो. भरतीचं पाणी आत घेतात, मग एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत उन्हात आटवतात. पाणी आटत जातं तसं आधी चुनखडीसारखं बसतं, मग जिप्सम, त्यानंतर कुठे मीठ धरतं आणि मागे जे पाणी उरतं ते कडू, त्यात मॅग्नेशियम. ते पाणी वेळेत सोडून दिलं तर मीठ चांगलं, उशीर झाला तर मीठ कडवट. आता हे सोडणं माणसाच्या हातात आहे, म्हणजे त्या मिठात काय किती येणार हे आगरागणिक बदलतं. संयुगात असं होईल का? आमच्या माणसांना हे शाळेत न जाता माहीत होतं, याचा मला फार अभिमान आहे.
पावसात खडे मिठाला पाणी सुटतं ना, ते पण मुख्यतः त्या मॅग्नेशियम क्लोराइडमुळे, ते हवेतली ओल पटकन ओढतं.

सायलीची_मावशी
सगळं खरं पण परीक्षेत मार्क जातील त्याचं काय? पुस्तकात जे आहे ते लिहून मोकळं व्हावं असं मला वाटतं.

रसायन_रत्नागिरी
मावशी, दोन ओळी लिहायच्या. "शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड: संयुग. मिठागरातलं खडे मीठ: मिश्रण." यात मार्क कापायला जागा नाही. मुलाने डोळ्याने बघून काढलेलं उत्तर आपणच खोडायला लावलं तर पुढे ते बघणंच सोडून देईल, मला हे मार्कांपेक्षा मोठं नुकसान वाटतं.
बाकीच्या वस्तू: पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, प्रमाण कमीजास्त करता येतं म्हणून मिश्रण, पण सगळीकडे सारखं दिसतं म्हणून समांगी. तांब्याची कळशी मूलद्रव्यात घाला, मात्र तिच्यावर चढतो तो हिरवा थर संयुगांचा. पितळी भांड्याला आतून कल्हई असेल तर ते कथील, तेही मूलद्रव्य. जांभा मिश्रण, लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं आणि चिकणमाती, एकाच चिऱ्यात लाल, पिवळे, पांढरट डाग दिसतात ते उगाच नाही. सोलकढी थोडा वेळ ठेवली की नारळाचं दूध वेगळं व्हायला लागतं, विषमांगी मिश्रण.
चुन्यावर मात्र तिला जास्त लिहू द्या. शिंपला बहुतेक सगळा कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे मूळ संयुग एकच. भट्टीत भाजला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कळीचा चुना उरतो, कॅल्शियम ऑक्साइड. त्यावर पाणी घातलं की खदखदतो, हात भाजेल इतका तापतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. भिंतीला लावल्यावर तोच चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत परत कॅल्शियम कार्बोनेट होतो. एका वस्तूत तीन संयुगं! जुन्या घराच्या भिंतीत रसायनशास्त्र आहे हे पोरांना कोणी सांगतच नाही.

वेळागर_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे, तिला वाचून दाखवलं, ती नाचतेय. मीठ मिश्रण आहे हे वर्गात करून दाखवता येईल का? आत्ता पाऊस आहे, ऊन नाही.

आगरातला_पेण
गॅसवर करा. मूठभर मीठ थोड्या पाण्यात विरघळवा, दाट फडक्याने गाळा, मंद आचेवर आटवा पण पूर्ण कोरडं करू नका, खडे दिसायला लागले की उरलेलं पाणी ओतून द्या. ते खडे वाळवून एका बशीत, मूळचं मीठ दुसऱ्या बशीत, खिडकीत ठेवा. या हवेत ओल दोन्हीला येईल, मूळच्या मिठाला आधी येईल. मोठ्या माणसाने शेजारी उभं राहायचं, खारं पाणी आटताना तडतडून अंगावर उडतं.