मदत हवी आहे: अंगमेहनतीचं काम करणाऱ्याने वेगळा व्यायाम करावा का?

नमस्कार मंडळी,

माझा थोरला भाऊ पुण्यात मार्केट यार्डात हमाली करतो. वय ४८. गाडी लागली की ५० किलोची पोती पाठीवर घ्यायची आणि गाळ्यात थप्पी लावायची. परवा बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळी सुरू केली, वर "रोज अर्धा तास चाला" म्हणाले. दादा घरी पोचेपर्यंत हसत होता. "पोती वाहणाऱ्याला चालायला लावतायत, उद्या गवंड्याला सांगतील विटा उचल!"

मी बँकेत, दिवसभर खुर्चीत. म्हणून सकाळी पर्वती चढतो, रविवारी बॅडमिंटन. दादा सुट्टीच्या दिवशी जेवला की आडवा. दोष तरी कसा द्यायचा? पर्वतीवर नेहमी दिसणारे म्हणजे निवृत्त प्राध्यापक, सीए, आयटीवाले. पोती वाहून झाल्यावर तिथे व्यायामाला आलेला कुणी मी तरी पाहिला नाही.

गोंधळ असा, की १९५३ सालच्या लंडनच्या अभ्यासात डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला होता. त्या हिशोबाने दादा ठणठणीत हवा. मग चालायचं कशाला? आणि त्याची चेष्टा न होता त्याला हे पटवायचं कसं? जिम सुचवू नका, परवडणार नाही.

प्रतिसाद १
मी फिजिओथेरपिस्ट आहे. कंडक्टर हलकी, सतत हालचाल करत होता. तुमचे दादा वजन पेलतात. ओझं उचलताना श्वास रोखला जातो, बीपी एकदम चढतं. तासन् तास नाडी वाढलेली राहते, पण दम लागेल इतकी नाही. आणि विसावा मिळायच्या आत दुसरी गाडी उभी. चालण्यात वेग आणि थांबणं आपल्या हातात असतं. डेन्मार्कमध्ये १ लाखाहून जास्त लोकांच्या पाहणीत (२०२१) फावल्या वेळात हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी दिसला, कामावर जास्त अंगमेहनत करणाऱ्यांना मात्र जास्त. अर्थात गरिबी, तंबाखू, झोप यांचा वाटा त्यातून नीट वेगळा काढणं कठीणच.
सलग अर्धा तास नको. दहा-दहा मिनिटं चालली तरी चालतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तिथे हळूहळू पोचा. पाठ भरून आली असेल त्या दिवशी सुट्टी. गोळी मात्र बंद करू नका. तंबाखू खातात का?

प्रतिसाद २
त्याच लंडनवाल्यांनी पुढे गणवेशाची मापं तपासली होती. ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कंबरेने जाड होते! तेव्हा सगळं श्रेय जिन्याला देऊ नका. आणि दादांना 'व्यायाम' म्हणूच नका हो. वहिनींना घेऊन भाजी आणायला जा म्हणावं, रिकाम्या हाताने जायचं आणि पिशवी वहिनींनी धरायची. (वहिनी मला मारतील.)

धागाकर्ता
दोघांचेही आभार. तंबाखू आहे, दिवसाला दोन पुड्या, शिवाय जेवणात वरून मीठ. डॉक्टरांना त्याने यातलं काहीच सांगितलेलं नाही, आता पुढच्या वेळी मीच सोबत जातो. वहिनी पिशवी धरायला तयार आहे. एकच विचारायचं राहिलं: दादा दुपारी तीनला सुटतो, घरी येऊन पोटभर जेवतो. जेवणावर लगेच चाललं तर चालेल, की मध्ये वेळ सोडावा?