मदत हवी आहे: साताऱ्यात एलएलबी पहिलं वर्ष, निकालपत्रं आणि कायदे नीट वाचायला शिकायचं आहे

वसनाकाठ

नमस्कार मंडळी. तीन वर्षांच्या एलएलबीच्या पहिल्या वर्षाला आहे. राहते कोरेगाव तालुक्यात, कॉलेज साताऱ्यात. बी.ए. होऊन बराच काळ गेला, मुलगी यंदा दहावीत आहे. सीईटीचा पेपर मराठीतही असतो, त्यामुळे ती निभावली आणि कॅपमध्ये (केंद्रीय प्रवेश फेरीत) जवळचं कॉलेज मिळालं. आता खरा अभ्यास सुरू झालाय. घरात किंवा भावकीत वकील कुणी नाही, म्हणून इथे विचारते.

पास कसं व्हायचं, हे मला विचारायचं नाहीये. त्यासाठी बाजारात अपेक्षित प्रश्नसंच मिळतात आणि वर्गातली बरीच मुलं त्यावरच आहेत. मला वकिली करायची आहे, तीही आमच्या तालुक्याच्या कोर्टात.

कारण सांगते. आमच्या भागात वडील वारले की सातबाऱ्यावर वारस म्हणून बहिणींची नावं लागतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्राचा विषय निघतो. भाऊ गाडी करून दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात नेतात, सही होते, अंगठा होतो, साडीचोळी होते. हक्क सोडायचा की ठेवायचा, हे त्या बाईनं ठरवायचं. माहेर तुटू नये म्हणून पूर्ण विचार करून सोडणाऱ्या बायका मी पाहिल्यात आणि त्यांना नावं ठेवायचा मला अधिकार नाही. पण कागदात कोणते गट नंबर आहेत, राहतं घर त्यात आहे का, आज सही केल्यावर उद्या काय मागता येणार नाही, एवढं तरी सहीआधी तिच्याच बाजूचं कुणी बसून वाचून दाखवायला हवं. ते काम मला करायचंय. म्हणून वरवरचा अभ्यास मला परवडणार नाही.

अडतं ते इथे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानंच हिस्सा मिळाला, हे वर्गात झालं. महाराष्ट्रानं त्याआधी १९९४ मध्येच कायदा केला होता, पण २२ जून १९९४ आधी लग्न झालेल्या मुलींना त्याचा लाभ नव्हता, हेही कळलं. सरांनी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा २०२० चा निकाल वाचायला सांगितला. मी तो उघडला. पानंच्या पानं जुने निकाल, संस्कृत वचनं, दोन्ही बाजूंचं म्हणणं. यातला कोर्टाचा निर्णय कुठला आणि नुसता युक्तिवाद कुठला, हेच मला वेगळं काढता येईना. इंग्रजी सावकाश वाचलं तर कळतं, पण वाचायचं कुठून?

दुसरं, करार कायद्याचं. कलमं पाठ होतात, पण परीक्षेत एखादी घटना देऊन 'सल्ला द्या' म्हटलं की लिहायला सुरुवात कशी करायची ते उमगत नाही. आणि पेपर मराठीत लिहावेत की इंग्रजीत? पुढे कशाचा उपयोग होईल?

तिसरं, फौजदारी कायदा. पुढच्या सत्रांची तयारी म्हणून आत्ताच थोडं वाचायला घेतलं. लायब्ररीत चांगली मराठी पुस्तकं आहेत ती सगळी भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची), आणि आता आहे भारतीय न्याय संहिता. जुनं वाचू की नको?

शेवटचं म्हणजे मी एका पतसंस्थेत कारकून आहे. सकाळचे तास करून ऑफिसला जाते. इंटर्नशिप, मूट कोर्ट (सरावाचं नकली कोर्ट) हे सगळं सुरू झाल्यावर नोकरी सांभाळता येते का? हे कुणी केलंय का?

वेळ काढून वाचल्याबद्दल आभार.

---

निशाणी_पाच

वसनाताई, मी सांगलीच्या जिल्हा न्यायालयात वकिली करतो, कामं मुख्यतः दिवाणी. वाटपाचे दावे रोजचेच आहेत. तुम्ही लिहिलेलं हक्कसोडपत्राचं चित्र आमच्याकडे वाळव्यात, तासगावातही तसंच आहे.

आधी विनीता शर्मा. हा निकाल पहिल्या पानापासून वाचायला घ्यायचाच नाही. तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे तो का गेला, ते आधी समजून घ्या. फुलवतीच्या निकालात (२०१५) म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील आणि मुलगी दोघंही हयात हवेत. दानम्माच्या निकालात (२०१८) वडील २००१ मध्येच वारलेले होते, तरी मुलींना हिस्सा दिला गेला. दोन्ही निकाल दोन-दोन न्यायाधीशांचे आणि एकमेकांशी न जुळणारे. खालच्या कोर्टानं कुठला पाळायचा? एवढा एकच प्रश्न मनात धरून सरळ शेवटच्या पानांवर जा. तिथे उत्तरं मुद्देसूद दिलेली आहेत: हक्क जन्मानं मिळतो, म्हणून त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेली वाटपं आणि विक्री-व्यवहार सुरक्षित, आणि तोंडी वाटप झालं होतं असं नुसतं म्हणून भागत नाही, त्याला सार्वजनिक दस्तऐवजाचा भक्कम आधार लागतो. हे कळल्यावर मागे या आणि प्रत्येक उत्तराला कारण काय दिलंय ते शोधत वाचा. संस्कृत वचनं पहिल्या वाचनात सोडून दिलीत तरी चालेल.

कुठलाही निकाल वाचताना वहीत चारच गोष्टी लिहा. काय घडलं, वाद कशावर, कोर्टानं काय ठरवलं, का ठरवलं. 'का' लिहिता आलं नाही तर निकाल वाचून झालेला नाही असं समजा. अर्धं पान पुरे. माझ्या ज्युनिअरांनाही मी हेच करायला लावतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर बऱ्याच निकालांची मराठी भाषांतरं आहेत. समजायला ती जरूर वापरा, पण कोर्टात आधार म्हणून इंग्रजी मूळच दाखवावं लागतं.

भाषेबद्दल माझं मत पक्कं आहे. उत्तरं तुम्ही ज्या भाषेत विचार करता त्या भाषेत लिहा. तालुका कोर्टात दावा, कैफियत, शपथपत्र, उलटतपास, सगळं मराठीतच चालतं आणि मराठी चांगली असलेला वकील तिथे उठून दिसतो. पण कलमाचे मूळ इंग्रजी शब्द पाठ हवेत, कारण उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेच्या कलम ३४८ प्रमाणे इंग्रजी आहे. आणि उच्च न्यायालय आता आपल्या दारात आलंय. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालं, त्यात सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे आहेत. आधी अपिलासाठी पक्षकाराला मुंबई गाठावी लागायची. तुम्ही सनद (वकिलीचा परवाना) घेऊन बाहेर पडाल तेव्हा तुमच्याच पक्षकाराचं अपील कोल्हापुरात असेल. रोज इंग्रजी कायद्याचं एक पान मोठ्यानं वाचा.

आता करार कायदा. मूळ कायद्याचं छोटं पुस्तक घ्या, गाईड नंतर. १८७२ च्या या कायद्यात कलमांखाली उदाहरणं दिलेली आहेत, ती बहुतेक मुलं गाळतात. परीक्षेतले 'सल्ला द्या' प्रश्न त्याच घडणीचे असतात. उत्तर लिहिताना आधी प्रश्नातला वाद एका वाक्यात मांडा, मग कलम, मग कलमातली एकेक अट घटनेला लावून पाहा, निकाल आठवत असेल तर तो, आणि शेवटी स्पष्ट सल्ला. 'असेही असू शकते, तसेही असू शकते' असं लिहून सोडू नका. पक्षकार त्यासाठी फी देत नाही.

एक सोडवून दाखवा इथेच. अ नं ब कडून जानेवारी २०१५ मध्ये ५०,००० रुपये उसने घेतले. परत केले नाहीत, मागणी कधी कोर्टात गेली नाही. २०१९ मध्ये अ म्हणाला, 'तुझे तीस हजार तरी देतो.' ब दावा लावू शकतो का? आणि हेच त्यानं लिहून, सही करून दिलं असेल तर?

---

चांदोली_एक्सप्रेस

ताई, मी सांगलीत शेवटच्या वर्षाला आहे, नोकरी करतच शिकतोय. खरं सांगायचं तर कसरत आहे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे, मूट आणि प्रात्यक्षिकं धरून. काही अपवादात्मक कारण असेल तर एखाद्या विषयात ६५ टक्क्यांवर सूट मिळू शकते, पण तेव्हाही सगळे विषय मिळून ७० भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ मध्ये बार कौन्सिलनं एक परिपत्रक काढलं, त्यानुसार नोकरी करत असाल तर ते कॉलेजला जाहीर करायचं आणि मालकाचं ना-हरकत पत्र द्यायचं. ते पत्र पतसंस्थेकडून आत्ताच लेखी घेऊन ठेवा. शेवटच्या सत्रात कुणी कागद मागितला आणि तो नसला तर फार मनस्ताप होतो, आमच्या वर्गात झालाय.

इंटर्नशिप तीन वर्षांत मिळून किमान १२ आठवडे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे दरवर्षी रजा साठवून एकेक महिना काढता येतो. वकिलांकडेच सगळी करायला हवी असंही नाही, स्थानिक स्वराज्य संस्था, सामाजिक संस्था चालतात, पण एकदा तरी कोर्टात काम करणाऱ्या वकिलाकडे करावीच लागते. तुमच्यासाठी मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण सुचवेन. कायद्याच्या विद्यार्थ्यांना तिथे विधी स्वयंसेवक होता येतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि तुम्ही म्हणताय त्या बायकांपैकी अनेकींना हे माहीतच नसतं. तुमचं काम सनदेआधीच सुरू होईल.

---

पुकारा

मी साताऱ्याकडच्याच कोर्टातून निवृत्त झालो, नोकरीचा बराच काळ फौजदारी बाजूला गेला. तिसऱ्या प्रश्नावर बोलतो.

जुनी पुस्तकं टाकू नका ताई. १ जुलै २०२४ ला नवे तिन्ही कायदे (गुन्ह्यांची न्याय संहिता, प्रक्रियेचा आणि पुराव्याचा) लागू झाले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भादंविच लागते आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्या प्रक्रियेनंच पुढे जातात. म्हणून आजही एकाच बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत) सकाळी ३०२ चा खटला असतो आणि दुपारी कलम १०३ चा. दोन्ही खुनाचेच. नव्या संहितेत ३०२ क्रमांकाला धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांचा गुन्हा आहे, त्यामुळे आकडा सांगताना कायद्याचं नाव सोबत म्हणायची सवय लावा. फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय. नव्या संहितेत ४२० वं कलमच नाही, ५११ कलमांची ३५८ झाली.

खुनाच्या आणि सदोष मनुष्यवधाच्या व्याख्या, चोरी, जबरी चोरी, खाजगी बचावाचा अधिकार, यांचा गाभा फारसा बदललेला नाही. तत्त्व जुन्या पुस्तकातून समजून घ्या आणि समासात पेन्सिलनं नवा क्रमांक लिहा. संघटित गुन्हेगारी, शिक्षा म्हणून समाजसेवा, हे मात्र नवीन, ते नव्यातच वाचा. राजद्रोहाचं १२४-अ गेलं, त्याच्या जागी कलम १५२ वेगळ्या शब्दांत आलंय, ते दोन्ही शेजारी ठेवून वाचण्यासारखं आहे.

मूट कोर्टच्या पेपरात दोन खटले प्रत्यक्ष पाहून लिहावे लागतात, एक दिवाणी, एक फौजदारी, त्याला ३० गुण. मुलं शेवटच्या आठवड्यात येतात आणि एका दिवसाचं बघून वही भरतात. तुम्ही आत्तापासून एकच वाटपाचा दावा धरा. मुद्दे निघालेले, पुराव्याला आलेला. बोर्डवर तारीख बघायची, त्या दिवशी मागच्या बाकावर बसायचं. सरतपासाचं शपथपत्र, मग उलटतपास, मग युक्तिवाद. बहिणीला उलटतपासात काय विचारतात ते ऐका. 'तुमच्या लग्नाचा खर्च भावांनी केला हे खरे आहे काय', 'इतकी वर्षे तुम्ही हिस्सा मागितला नाही हे खरे आहे काय', ठरलेले प्रश्न आहेत. उत्तर देताना तिचा आवाज कधी पडतो ते बघितलं की सहीआधी तिला काय काय सांगायला हवं होतं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

---

माणदेशी_

वरच्या सगळ्यांना +१. शब्द अडला तर भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश बघा, शासनाच्या शब्दकोश संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. आणि सनदेच्या खर्चाची धास्ती घेऊ नका. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की नोंदणी शुल्क खुल्या वर्गाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. नंतरची बार परीक्षा मराठीतूनही देता येते आणि टिपणं नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात.

---

वसनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. पुकारा काका, कोरेगावच्या कोर्टात वाटपाचे दावे भरपूर आहेत, पुढच्या आठवड्यात रजा काढून बोर्ड बघते. ना-हरकत पत्राचा अर्ज आजच लिहिला.

निशाणी दादा, उत्तर लिहून बघितलं. वाद असा, की मुदत संपलेल्या उसनवारीबद्दल नंतर दिलेल्या वचनावर दावा लावता येतो का. उसने पैसे वसूल करायची मुदत तीन वर्षं, म्हणजे जानेवारी २०१८ मध्ये संपली. २०१९ च्या वचनाला नवं प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला) काहीच नाही, आणि कलम २५ प्रमाणे प्रतिफल नसलेला करार शून्य. पण त्याच कलमाचा तिसरा अपवाद आहे: मुदतबाह्य कर्ज पूर्ण किंवा अंशतः फेडायचं वचन लेखी आणि सही केलेलं असेल तर तो करार होतो. तोंडी वचन त्यात बसत नाही. म्हणून सल्ला: नुसतं बोलला असेल तर ब चा दावा चालणार नाही. लिहून दिलं असेल तर चालेल, पण तीस हजारांपुरताच, कारण वचन तेवढ्याचंच आहे. कलमाखालचं उदाहरण जवळजवळ हेच निघालं.

---

निशाणी_पाच

बरोबर, आणि 'तीस हजारांपुरताच' हे लिहिलंत ते फार चांगलं. पुष्कळजण तिथे पूर्ण रक्कम लिहितात.

आता एकच बदल करा. तीच सही केलेली चिठ्ठी अ नं २०१७ मध्ये, म्हणजे मुदत संपायच्या आधी दिली, आणि त्यात रकमेचा आकडा न टाकता एवढंच लिहिलं, की 'तुझे पैसे माझ्याकडे येणे आहेत.' वचन असं काहीच नाही. याचं उत्तर करार कायद्यात शोधू नका. १९६३ चा मुदत कायदा काढा, कलम १८ आणि त्याखालचं स्पष्टीकरण वाचा आणि ब ला कोणत्या तारखेपर्यंत दावा लावता येईल ते लिहा.