शब्दचर्चा : 'कोशर'ला मराठीत काय म्हणावं?

अंजीर :
मुलाच्या भागीदाराने आम्हा सगळ्यांना मॅनहॅटनमध्ये जेवायला नेलं. कोशर स्टेकहाउस, मेनूवरच्या किमती न बघितलेल्याच बऱ्या. नातीने विचारलं, 'कोशर म्हणजे काय?' मुलगा म्हणाला, 'पवित्र.' पण शेवटी ह्यांनी कॉफीत दूध मागितलं, तर वेटरने ओटचं आणून ठेवलं. दुधात अपवित्र ते काय? नेमका मराठी शब्द सुचवा. मेनूवर ग्लाट, पारवे, मेवुशल असंही होतं.

अष्टागर :
अंजीरताई, 'पवित्र' नको. ज्यूंच्या धर्मातल्या आहारनियमांत बसतं ते कोशर. हिब्रूत मूळ अर्थ 'योग्य', 'लायक'. इस्रायलमध्ये खाण्याबाबत 'काशेर' म्हणतात. 'कोशर' हा पूर्व युरोपातल्या ज्यूंचा उच्चार. त्याच धातूवरून व्यायामशाळेला 'खदर कोशेर' म्हणतात, आणि तिथे पावित्र्याचा काही संबंध नसतो!
मला विचाराल तर विशेषण शोधूच नये. आपल्याकडे क्रियापद आहे : 'चालतं'. उपासाला साबुदाणा चालतो, पोहे चालत नाहीत. म्हणून पोह्यांना कुणी अपवित्र म्हणत नाही. तसंच दूध चालतं, मांस चालतं, दोन्ही एका जेवणात चालत नाहीत. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' ही आज्ञा तोरात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात, तीनदा येते, आणि पुढचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. भांडी वेगळी. मांसानंतर दूध घ्यायला कुणी सहा तास थांबतं, कुणी तीन, हॉलंडचे ज्यू एकच. त्यामुळे कोशर हॉटेल एक तर मांसाचं, नाहीतर दुधाचं.
पारवे म्हणजे ना दुधाचं, ना मांसाचं : फळं, भाज्या, अंडी, मासे. मराठीत 'दोन्हीकडे चालणारं' म्हणा. ग्लाट हा यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतला शब्द, अर्थ 'गुळगुळीत'. कापलेल्या जनावराचं फुप्फुस हात फिरवून तपासतात. चिकटलेले पापुद्रे नसले की ते ग्लाट. मेवुशल म्हणजे 'शिजवलेली', हे वाइनबद्दल. एरवी कोशर वाइन ज्यू नसलेल्या वेटरने ओतली तर चालत नाही, तापवलेली असली तर चालते.

कोरा कागद :
मग सरळ 'सोवळं' म्हणा की. ओतणाऱ्याचा हात लागला की बाटली बाद, ही शिवाशिवच झाली.

अष्टागर :
वाइनपुरतं मान्य. पण सोवळं नेसता येतं, सोडता येतं, मोडतं आणि आंघोळ करून परत येतं. डुकराला सात आंघोळी घाला, ते कोशर होत नाही. उलट कोशर मटण वेटरने वाढलं म्हणून बाटत नाही. नियम त्या पदार्थाचा आणि तो कसा कापला, कशात शिजवला याचा.
शिवाय नियम अगदी शिरेपर्यंत जातो. मेनूत रिब आय (गाईच्या पुढच्या भागाचं मांस) असेल, फिले मिन्यॉन (मागच्या भागाचं) बहुधा नसेल. तोरातल्या याकोबाची देवदूताशी झटापट झाली आणि त्याच्या मांडीला इजा झाली, त्या कथेवरून मांडीतली मोठी शीर खायची नाही. शिवाय मागच्या भागातली चरबीही नाही. ते सोलून काढणं इतकं किचकट की अमेरिकेत मागचा अख्खा भाग सहसा बिगरकोशर बाजारात विकून टाकतात. 'सोवळं' या शब्दात हे कुठे बसवणार?

अंजीर :
'चालतं' पटलं. पण 'कोशर हॉटेल'चं काय करू? 'चालणारं हॉटेल' म्हटलं तर धंदा बरा आहे असं वाटेल.

अष्टागर :
तिथे 'कोशर'च ठेवा. हलाल ठेवतोच की आपण.
आणि नातीला न्यूयॉर्कचं उदाहरण देऊ नका, आमच्या अलिबागकडचं द्या. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे ज्यू, शेकडो वर्षं हेच पाळत आले, मटणाच्या रश्श्यात दह्याऐवजी नारळाचं दूध घालून. त्यांच्यात सांगतात की दाविद राहाबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा हे लोक ज्यूच आहेत का ते पाहायला त्याने त्यांच्या बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. ज्यांना खवले नाहीत, पर नाहीत, ते मासे त्यांनी निवडून बाजूला सारले.

कोरा कागद :
म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या सगळं गेलं? अलिबागला राहून?

अष्टागर :
गेलं. पापलेट चालतं.