म्युनिकहून एका दिवसात नॉयश्वानस्टाइन + लिंडरहोफ हे दोन राजवाडे, आईबाबांना झेपेल का?

आईबाबा मे महिन्यात येतायत, दोघंही सत्तरीच्या आसपास, बाबांचे गुडघे दुखतात. दोन्ही होतील का, की एकच बघावं?

डोंगरवेडा: ट्रेनने जात असाल तर एकच करा. फ्युसेन गावापर्यंत दोन तास, मग बस, आणि खालून नॉयश्वानस्टाइनला चढ चांगलाच आहे, अर्धा-पाऊण तास लागतो. घोडागाडी मिळते पण तीही दारापर्यंत नेत नाही, शेवटचा टप्पा चालावंच लागतं. तिकीट आधी ऑनलाइन काढा, ठरलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत.

पुणेरी_म्युनिककर: गाडी असेल तर दोन्ही आरामात होतात. माझं मत विचाराल तर काकाकाकूंना लिंडरहोफच जास्त आवडेल. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने बांधायला घेतलेल्या महालांपैकी त्याच्या हयातीत पूर्ण झालेला हा एकच, नॉयश्वानस्टाइनचं काम १८६९ ला सुरू झालं आणि १८८६ ला राजा गेला तरी अर्धवटच होतं. लिंडरहोफमध्ये जेवणाचं टेबल खालच्या स्वयंपाकघरातून वाढून थेट वर यायचं, नोकर समोर नको म्हणून! बागेतलं कारंजं पंपाशिवाय, नुसत्या डोंगरातल्या पाण्याच्या दाबावर उडतं आणि मागे हिरवेगार आल्प्स, तिथे बाकावर निवांत बसू द्या त्यांना. मे म्हणजे कारंजी सुरू असतात, हिवाळ्यात बंद आणि पुतळेही लाकडी खोक्यांत झाकलेले.

प्रश्नकर्ती: खूप आभार! मग गाडीच घेते, आधी लिंडरहोफ.

डोंगरवेडा: मस्त. मग नॉयश्वानस्टाइनजवळचा मारिएनब्र्युक पूल जमला तरच करा, तिथेही चढ आहे.