भारदस्त इंग्रजी क्रियापदं आणि आपली फजिती: अनुभव लिहा

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सुरू झालं ते २००० साली. त्यामुळे नोकरीला लागलो तेव्हा सगळा संसार गिव्ह, टेक, मेक आणि डूवर. मग साहेबांच्या मेलमधली जड क्रियापदं उचलायला लागलो. 'रिव्हर्ट' त्यातलंच. परदेशातल्या सहकाऱ्याला कोडमधल्या बदलाबद्दल शंका विचारली आणि खाली लिहिलं, 'प्लीज रिव्हर्ट'. मला हवं होतं उत्तर. सकाळी बघतो तर पठ्ठ्याने माझं तीन दिवसांचं काम मागे फिरवलेलं, वर 'डन' असा निरोप! रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणं. 'उत्तर देणं' हा अर्थ आपल्या कचेऱ्यांतला.

तुमचं कुठलं क्रियापद कसं पक्कं झालं, किंवा कुठे तोंडघशी पाडून गेलं, ते लिहा. याद्या नकोत, प्रसंग हवेत.

*

मी यादीवालाच. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रोज पन्नास शब्द घोकायचो आणि रविवारी पाटी कोरी. मग मूळ धातू धरले. लॅटिनमध्ये 'ड्यूकेरे' म्हणजे नेणं. रिड्यूस, इंड्यूस, डिड्यूस, सिड्यूस एकाच माळेत आले. ॲग्रव्हेट तर आता मेलो तरी विसरणार नाही. त्याच्या पोटात 'ग्राव्हिस' आहे, म्हणजे जड, आणि आपला संस्कृत 'गुरु' त्याचाच भाऊबंद. दुखणं जड करणं!

*

'टेबल'ने माझा घात केला. आमचं सगळं काम लंडनशी, तिथे मुद्दा टेबल करायचा म्हणजे चर्चेला मांडायचा. पहिल्यांदाच अमेरिकनांसोबत बैठक होती. 'लेट्स टेबल धिस' ऐकलं आणि मी घसा खाकरून बोलायला लागले. पाच मिनिटांनी कळलं, त्यांनी विषय बाजूला ठेवलाय.

*

इंग्लंडमध्ये नर्स आहे. जड क्रियापदं येत होती. अडले ते साध्या शब्दांवर. रुग्ण 'व्हॉमिट' म्हणतच नाहीत, 'थ्रो अप' म्हणतात. पहिल्याच आठवड्यात एक आजोबा म्हणाले, 'आय केम ओव्हर ऑल फनी.' मला वाटलं, गंमत करतायत. मीही हसले. तोवर आजोबा पांढरेफटक, खुर्चीतून घसरायला लागलेले. एकदम गरगरलं, कसंसं झालं, असा त्याचा अर्थ. बगलेत हात घालून त्यांना धरलं ते अजून आठवतं. त्या रात्री वही केली, त्यात पहिली नोंद हीच.

*

मी नोकरी करत नाही, पण लेकीच्या अभ्यासापायी शिकले. तिच्या शब्दार्थाच्या वहीत स्लर्प, निबल, गल्प सगळ्यांपुढे एकच अर्थ: 'खाणे-पिणे'. म्हटलं, अगं, आपल्याकडे काय कमी आहे? कढी भुरकतात तो स्लर्प. उंदीर कुरतडतो तो निबल. खेळून आल्यावर उभ्या उभ्या घटाघटा पाणी पितेस तो गल्प. मग स्वयंपाकघरातच शिकवणी सुरू झाली. आमटी रटरटायला लागली की ती ओरडायची, 'आई, बॉइल!' गॅस बारीक केला की, 'आता सिमर!'

'ओरपणे'ला मात्र अजून काही सापडलेलं नाही. भात कालवून, बोटांच्या फटींतून आमटी गळत असताना जे करतात ते. स्लर्प म्हणू नका, ते पुरत नाही.