एर्नो : नुसतं आत्मकथन नव्हे
फ्रेंच लेखिका आनी एर्नोंचं लेखन म्हणजे 'स्वतःचंच पुराण', असं कुणीतरी म्हटलंय. ते पटलं नाही. त्यांचं वडिलांवरचं पुस्तक 'ला प्लास' (१९८३) बघा. नॉर्मंडीत किराणा-कॅफे चालवणारा बाप, शिकून शिक्षिका झालेली मुलगी आणि त्या शिक्षणानेच दोघांत पडलेलं अंतर. उमाळे नाहीत, अलंकार नाहीत. बापाची बोलण्याची ढब, पैशाची धास्ती, बड्यांसमोरचा संकोच नोंदवलाय, बस. यामागे बूर्दिउ या फ्रेंच अभ्यासकाचं समाजशास्त्र आहे, बाई हे ऋण उघड मान्य करतात. 'लेझाने' ('वर्षं', २००८) या पुस्तकात तर 'मी' गायबच. २०२२च्या नोबेलनंतर बरेच जण थेट गर्भपातावरच्या पुस्तकाकडे वळतात (त्यावरच्या सिनेमामुळे असेल). मला मात्र पॅरिसजवळच्या सेर्जीतल्या हायपरमार्केटची (अवाढव्य सुपरमार्केटची) त्यांची डायरी जास्त आवडते: कॅशियरसमोर मांडलेल्या सामानावरून माणसाची ऐपत वाचणारी.