अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी नवखा उमेदवार पटलाय, पाठिंबा नेमका कसा द्यायचा?

प्रश्न: एडिसनची_सून

२०२८ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) एक नवा चेहरा उतरेल असं दिसतंय. आम्हा दोघांनाही तो पटतोय. मी नागरिक, न्यू जर्सीत, मतदार यादीत 'अनअफिलिएटेड', म्हणजे कुठल्याच पक्षात नोंद नाही. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. दरमहा २५ डॉलर द्यायचा विचार आहे. उमेदवारी अजून जाहीर झालेली नाही, पण देणगीचं पान सुरू आहे. कुठे फसायला होतं?

हिशोबनीस

आधी यजमानांचं, कारण तिथली चूक सर्वांत महाग. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावाल्यांनी एक डॉलरही द्यायचा नाही. ग्रीनकार्डवाले देऊ शकतात. प्रचाराच्या दुकानातला ३० डॉलरचा टी-शर्टसुद्धा देणगीच धरतात, तीही पूर्ण किमतीची, त्यामुळे तोही त्यांनी घ्यायचा नाही. पैसे त्यांचे आणि नाव तुमचं, हेही बेकायदा.

बिनपगारी काम मात्र त्यांना चालतं: फोन करणं, दारोदार फिरणं. पदरचे पैसे घालून पत्रकं छापायची नाहीत, आणि पैसा कुठे खर्च करायचा या चर्चेत बसायचं नाही.

आता तुमचं. २०२५-२६ साठी एका उमेदवाराला एका निवडणुकीमागे ३,५०० डॉलरची मर्यादा आहे. प्रायमरी आणि नोव्हेंबरची निवडणूक वेगवेगळ्या मोजतात. दर दोन वर्षांनी आकडा बदलतो. २५ च्या हिशोबाने तुम्ही तिच्या जवळपासही जात नाही, पण नवव्या महिन्यात २२५ होतात. एकूण रक्कम २०० च्या वर गेली की तुमचं नाव, व्यवसाय आणि कंपनी एफईसीच्या (केंद्रीय निवडणूक आयोगाच्या) नोंदीत जाहीर दिसते. ॲक्टब्लूवरून (डेमोक्रॅट्ससाठी ऑनलाइन देणग्या गोळा करणाऱ्या साइटवरून) दिलेत तर १० डॉलरही नावासकट दिसतात, कारण मध्यस्थ म्हणून ते प्रत्येक रक्कम नोंदवतात. ऑफिसात कळू नये असं वाटत असेल तर आधीच विचार करा. करात सूट शून्य.

तळटीप_वाचक

देणगीचं पान उघडलंत की थेट तळाशी जा. तिथे चौकटीत 'पेड फॉर बाय', म्हणजे खर्च कोणाचा, ते असतं. अधिकृत समितीच्या नावात उमेदवाराचं नाव असावंच लागतं. 'नॉट ऑथराइज्ड बाय एनी कँडिडेट' (कुठल्याही उमेदवाराची मान्यता नाही) दिसलं, तर वर फोटो कितीही मोठा असो, पैसे उमेदवाराच्या समितीकडे जात नाहीत. नव्या चेहऱ्यांभोवती असली दुकानं पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवतात.

जाहीर न करता चाचपणी करायला मुभा आहे, पण तेव्हाही देणगीची मर्यादा लागूच. रिंगणात उतरायचं ठरवून ५,००० डॉलरच्या वर जमवले किंवा खर्चले की १५ दिवसांत फॉर्म २ (उमेदवारीची नोंद) भरावा लागतो. एफईसीच्या साइटवर नाव टाकून तो शोधा. आणि 'दरमहा' किंवा 'टिप' अशा खुणा आधीच केलेल्या असतात का, ते बघून मगच बटण दाबा.

जर्सी_जिल्हा

'अनअफिलिएटेड' राहिलात तरी अडत नाही. प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष सांगता येतो. आधीच दुसऱ्या पक्षात नोंद असेल तर मात्र ५५ दिवस आधी बदलावी लागते, आणि बहुतेकांची गाडी इथेच चुकते. नदीपलीकडे न्यूयॉर्कात नातेवाईक असतील तर त्यांना सांगा की तिथे नोंदलेल्या पक्षाचीच प्रायमरी मिळते, आणि पक्ष बदलायची शेवटची तारीख १४ फेब्रुवारी.

खरी अडचण वेगळीच. २०२४ ला आपली प्रायमरी ४ जूनला होती. तोवर नवखे उमेदवार कधीच घरी गेलेले असतात. डेमोक्रॅट्समध्ये राज्यात किंवा मतदारविभागात १५ टक्क्यांखाली राहिलं की तिथले डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) शून्य, मग पैसा आटतो. २००८ ला ओबामांनी ३ जानेवारीला आयोवा जिंकलं, पाच दिवसांनी न्यू हॅम्पशायर हरले. आपण ५ फेब्रुवारीला मत दिलं, म्हणून जर्सीच्या मताला तेव्हा किंमत होती. (क्लिंटन जिंकल्या, तो भाग वेगळा.) म्हणून पाठिंबा द्यायचाच तर लवकर द्या आणि फोन सुरुवातीच्या राज्यांत करा. २०२४ ला डेमोक्रॅट्सनी पहिला मान साउथ कॅरोलायनाला दिला होता. यावेळचा क्रम लागला की त्याप्रमाणे.

एडिसनची_सून

नवऱ्याने उत्साहात मतदार नोंदणीचा फॉर्म भरला तर?

हिशोबनीस

भरू देऊ नका. उद्या नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात 'कधी मतदार नोंदणी केली होती का' असा सरळ प्रश्न आहे, आणि 'हो' म्हणणं वकिलाच्या फीपेक्षाही महाग पडू शकतं. मोटर व्हेईकलच्या ऑफिसात लायसन करतानाही मतदार नोंदणीच्या चौकटीत 'नाही' निवडायचं, आणि पावती जपून ठेवायची.